मुखडा शेवटी येणारे गाणे आणि नव्वद सेकंद : संगीत-स्पर्धांच्या निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी दूरचित्रवाणी वाहिन्यांवरील संगीत-स्पर्धांचे निर्माते, दिग्दर्शक आणि संगीत संयोजक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची मिरजेची. गेली एकोणीस वर्षे अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये राहते आणि घरी मुलांना पियानो व की-बोर्ड शिकवते. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्मी मराठी घरांतली आहेत. त्यांच्या घरी शनिवार-रविवारी आपले कार्यक्रम लागतात, माझ्याही घरी लागतात, आणि सोमवारी शिकवणीला आलेली मुले आदल्या दिवशी ऐकलेले गाणे वाजवून द्या म्हणून मागे लागतात. तेव्हा हे पत्र आपल्या कार्यक्रमांवर प्रेम असलेल्या प्रेक्षकाचे आहे, हे आधी सांगते. पत्रातले बहुतेक बोलणे मात्र एका अमेरिकन रॉक गाण्याबद्दल आहे, कारण मला आपल्याकडे जे मागायचे आहे, म्हणजे स्पर्धकाला नव्वद सेकंदांत न तोडता कधी तरी पूर्ण गाणे गाऊ द्यावे, ते या गाण्याच्या गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या प्रवासातून फार स्पष्ट दिसते.

'जर्नी' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडचे 'डोन्ट स्टॉप बिलीव्हिन' हे ते गाणे. 1981 साली आलेल्या 'एस्केप' या अल्बममधले ते पहिलेच गाणे असले, तरी तयार झाले ते अल्बमचे काम संपत आले असताना. बँडमध्ये नुकतेच आलेले की-बोर्डवादक जोनाथन केन यांच्याकडे गायक स्टीव्ह पेरी यांनी आणखी काही कल्पना आहे का, अशी विचारणा केली. केन यांच्या वहीत एक ओळ लिहून ठेवलेली होती. लॉस एंजेलिसमध्ये काम मिळत नव्हते, हातात पैसे नव्हते, अशा दिवसांत त्यांनी वडिलांना फोन केला होता आणि घरी परत येऊ का, असे विचारले होते. विश्वास सोडू नकोस, असे वडिलांनी त्यांना सांगितले होते. ती ओळ पेरी आणि गिटारवादक नील शॉन यांच्यासमोर आली आणि तिघांनी मिळून गाणे बांधले. त्या वेळी ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत नवव्या क्रमांकापर्यंत गेले, म्हणजे चांगले चालले. पण त्याच अल्बममधले दुसरे एक गाणे दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले होते, आणि समीक्षकांनी तर या बँडला कंपन्यांच्या सोयीचा रॉक म्हणून हिणवलेच होते. हे गाणे पुढच्या शतकात शाळाशाळांतून गायले जाईल, असे 1981 साली कोणाच्याही मनात आले नसेल.

आता त्याची बांधणी पाहा, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे. सुरुवातीला फक्त पियानो वाजतो आणि त्याच्या डाव्या हाताला बास गिटारची साथ असते. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, असे येतात: ई, बी, सी शार्प मायनर, ए. मग पुन्हा ई, बी आणि या वेळी जी शार्प मायनर, ए. आठ मात्रांचे नव्हे, आठ बारचे (एक बार म्हणजे चार मात्रा) हे चक्र जवळजवळ पूर्ण गाणेभर फिरत राहते. दुसऱ्या फेरीत एकच कॉर्ड बदलतो, पण तेवढ्याने मन खाली उतरते आणि पुन्हा वर येते. माझ्या दहा वर्षांच्या विद्यार्थ्यांनाही तो बदल कोणी न सांगता कळतो. त्यावर पेरी यांचा आवाज येतो. नंतर शॉन यांची गिटार धावत्या आगगाडीसारखी भरभर सूर टाकत शिरते, आणि गाण्यात मध्यरात्रीच्या गाडीचा उल्लेख असल्यामुळे ती गाडी ऐकूही येते. ड्रम्स हळूहळू भरत जातात. गाण्यातला तरुण दक्षिण डेट्रॉइटचा आहे, आणि डेट्रॉइटच्या मध्यवस्तीच्या दक्षिणेला नदी ओलांडली की कॅनडातले विंडसर लागते, त्यामुळे त्या नावाची वस्ती तिथे नाही; पण उच्चारात ते शब्द इतके नेमके बसले आहेत की डेट्रॉइटच्या लोकांनीही गाणे आपलेच मानले.

आणि या सगळ्यात ज्या ओळीवरून गाण्याला नाव मिळाले ती ओळ येतच नाही. आपल्या भाषेत सांगायचे तर मुखडा येत नाही. आपल्याकडे मुखड्याने गाणे सुरू होते आणि प्रत्येक अंतरा फिरून मुखड्यावर येतो; पाश्चात्त्य गाण्यात कडवे आधी आणि कोरस नंतर असतो, पण तोही पहिल्या मिनिटाच्या आसपास येऊन जातो. सव्वाचार मिनिटांच्या या गाण्यात कोरस तीन मिनिटे उलटून गेल्यावर, शेवटच्या पन्नास सेकंदांत येतो. त्याच्या आधी गिटार एकदा तीच चाल वाजवून जाते, म्हणजे शब्द येण्याआधी सूर ओळखीचे होतात, आणि मग सगळे गळे एकदम त्या ओळीवर येतात. विलंबित ख्यालात गवई तार षड्जाच्या अलीकडे घुटमळतो, निषादावर थांबतो, पुन्हा खाली येतो, आणि अखेर तो षड्ज लागतो तेव्हा सभागृहातून आपसूक दाद उमटते; ती दाद त्या एका सुराला नसते, आधीच्या वीस मिनिटांना असते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. रॉकच्या चार मिनिटांत या तिघांनी तसेच काहीसे साधले आहे, असे मला वाटते. मिरजेच्या मुलीला हे गाणे पहिल्यांदा ऐकताच आपले वाटले, त्याचे कारण हेच असावे.

मग टेलिव्हिजनने या गाण्याचे काय केले? 10 जून 2007 रोजी 'द सोप्रानोज' या माफिया कुटुंबावरच्या मालिकेचा अखेरचा भाग दाखवला गेला. त्याचे शेवटचे दृश्य माझ्या घरापासून फार दूर नसलेल्या ब्लूमफील्ड गावातल्या 'होल्स्टेन्स' या आइस्क्रीमच्या दुकानात चित्रित झाले होते. नायक येतो, बाकावर बसतो, टेबलावरच्या ज्यूकबॉक्समध्ये हे गाणे लावतो. बायको येते, मुलगा येतो, मुलगी बाहेर गाडी लावत असते, दार उघडले की घंटी वाजते, आणि गाण्याच्या नावातला दुसरा शब्द उच्चारला जात असतानाच पडदा काळा होतो. लेखक-दिग्दर्शक डेव्हिड चेझ यांनी या गाण्याचे नाव काढले तेव्हा त्यांच्याच चमूतल्या लोकांनी प्रथम नाके मुरडली होती. त्यांनी सगळ्यांना ते नीट ऐकायला सांगितले आणि हळूहळू लोक राजी झाले, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. स्टीव्ह पेरी यांनाही काळजी होती. आपले गाणे रक्तपाताच्या प्रसंगावर वाजू नये म्हणून दृश्यात काय आहे हे कळेपर्यंत त्यांनी परवानगी रोखून धरली होती. स्वतःच्या गाण्याबद्दल कलावंताने इतके हट्टी असावे, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

मी त्या दुकानात एकदा जाऊन बसले आहे. कांद्याची भजी म्हणावीत तशी तिथली कांद्याची वर्तुळे प्रसिद्ध आहेत. पण माझे लक्ष होते त्या बाकाकडे, जिथे येणारा प्रत्येक जण फोटो काढून घेत होता. 2024 साली तो बाक लिलावात 82,600 डॉलरना विकला गेला. एका दृश्याने एका बाकाची ही किंमत केली, तर गाण्याचे काय झाले असेल, याचा अंदाज करता येईल. त्या रात्रीनंतर सव्वीस वर्षांपूर्वीच्या गाण्याची डिजिटल विक्री एकदम उसळली. माझे म्हणणे असे आहे की हे घडले ते चेझ यांनी गाण्याला दृश्याच्या तालावर तोडले नाही, तर दृश्य गाण्याच्या तालावर बांधले म्हणून. संवाद सुरू असताना खाली पियानोचे चक्र फिरत राहते. गाणे जसजसे चढते तसतसा बघणाऱ्याचा श्वास अडकत जातो. मुखड्याची वाट पाहणे आणि पुढे काय होणार याची वाट पाहणे ही तिथे एकच गोष्ट झाली आहे.

दोनच वर्षांनी, 19 मे 2009 रोजी, 'ग्ली' या मालिकेचा पहिला भाग आला. ओहायोतल्या एका शाळेतली, कोणी फारशी दखल न घेतलेली मुले लाल टी-शर्ट घालून रंगमंचावर उभी राहतात आणि हे गाणे म्हणतात. इथे मूळ ध्वनिमुद्रण नाही, हे खरेखुरे कव्हर व्हर्जन, म्हणजे दुसऱ्याचे गाणे नव्याने गायलेली आवृत्ती आहे. संयोजकांनी पियानोचा सुरुवातीचा पीस मुलांच्या तोंडी दिला. वाद्याच्या जागी गळे आले. गायक एकाऐवजी दोन झाले, एक मुलगा आणि एक मुलगी, त्यामुळे कडव्यातल्या छोट्या गावच्या मुलीची ओळ मुलगा आणि शहरातल्या मुलाची ओळ मुलगी म्हणू लागली. इतके सगळे बदलूनही बांधणीला कोणी हात लावला नाही. ती आवृत्तीसुद्धा जवळजवळ चार मिनिटांची आहे आणि तिच्यातही मुखडा शेवटीच येतो. ती अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकावर गेली, म्हणजे 1981 सालच्या मूळ गाण्याच्याही वर, आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर. संगीत संयोजकांना माझी विनंती आहे की त्यांनी हे कव्हर एकदा वही-पेन घेऊन ऐकावे. जुने गाणे नव्याने करताना काय बदलावे आणि काय बदलू नये, याचा त्याहून चांगला वस्तुपाठ मला माहीत नाही.

ब्रिटनचा उल्लेख आलाच आहे तर तिथली गोष्टही सांगितली पाहिजे, कारण ती माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते असे कोणी म्हणू शकेल. 1982 साली हे गाणे तिथे 62 व्या क्रमांकापुढे सरकले नव्हते. 2009 साली 'द एक्स फॅक्टर' या स्पर्धेत पुढे विजेता ठरलेल्या जो मॅकेल्डेरी या तरुणाने ते गायले, पाठोपाठ 'ग्ली'ही तिथे पोहोचली, आणि लोकांनी 'जर्नी'चे मूळ गाणे इतके विकत घेतले की सत्तावीस वर्षांनंतर ते सहाव्या क्रमांकावर गेले. म्हणजे स्पर्धेच्या आखूड वेळेत गायलेल्या गाण्यानेही लोकांना मुळाकडे नेलेच, असे आपण म्हणाल. ते खरे आहे आणि मला ते मनापासून मान्य आहे. परंतु तिथे ऐकणाऱ्याला पूर्ण, स्वच्छ, मूळ ध्वनिमुद्रण एका क्लिकवर मिळत होते, आणि लोकांनी शेवटी पैसे मोजले ते त्या सव्वाचार मिनिटांसाठीच. आपल्या कित्येक जुन्या भावगीतांची आणि नाट्यपदांची गोष्ट तशी नाही. मूळ तबकडी खरखरत असते, इंटरनेटवर चढवणाऱ्याने गायकाचे नावही धड दिलेले नसते, आणि आजच्या मुलाच्या कानावर आपल्या कार्यक्रमातली आवृत्ती आधी पडते. अनेकदा तीच एकमेव आवृत्ती असते. तुम्ही गाळलेला अंतरा त्याच्या दृष्टीने कधी नव्हताच. तुमच्यावरची जबाबदारी ब्रिटनमधल्या निर्मात्यांपेक्षा जास्त आहे, असे मी म्हणते ते यामुळे.

मला हे पत्र लिहायला लावणारा प्रसंग छोटासा आहे. गेल्या वर्षी आमच्या भागातल्या एका मराठी कार्यक्रमात मुलांची संगीत-स्पर्धा ठेवली होती. ती हुबेहूब टीव्हीवरच्या स्पर्धांसारखी आखलेली होती: परीक्षकांसाठी तीन खुर्च्या, सूत्रसंचालक, आणि प्रत्येक मुलाला नव्वद सेकंद. माझी तेरा वर्षांची विद्यार्थिनी हे गाणे वाजवत गाणार होती. डाव्या हाताचा तो बास आणि त्यावर उजव्या हाताचे कॉर्ड हे एकमेकांपासून सुटे करायला तिला अडीच महिने लागले होते. डावा हात सरळ चालतो आणि उजवा तालाच्या आत-बाहेर पडतो, त्यामुळे सुरुवातीला दोन्ही हात एकाच वेळी पडू पाहतात. आयत्या वेळी तिला सांगण्यात आले की सुरुवातीचे वाजवणे नको, थेट कोरस म्हण, लोकांना तोच माहीत आहे. ती बसली, बोटे ई वर ठेवली आणि सुरूच करेना. विंगेतून हातवारे झाले. पहिल्या रांगेत बसलेल्या मला मात्र तिचा डावा पाय दिसत होता. तो पाय मोजत होता. तिने पूर्ण आठ बार मनातल्या मनात वाजवले आणि मग कोरस उचलला. नव्वदातले सोळा सेकंद शांततेत गेले म्हणून तिचे गुण कापले गेले. संयोजक मंडळी चांगली आहेत, स्वयंसेवक आहेत, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांनी जे पाहिले तेच केले, आणि त्यांनी पाहिले ते आपल्याकडे.

कव्हर करणे हे काम मी कधीही कमी मानत नाही, हेही इथे नमूद करायला हवे. याच गाण्याच्या कथेत त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. 2007 साली 'जर्नी'ला गायक नव्हता. नील शॉन इंटरनेटवर शोधत असताना त्यांना मनिलातल्या एका बारमध्ये 'जर्नी'ची गाणी गाणाऱ्या अर्नेल पिनेडा या फिलिपिनो गायकाचे व्हिडिओ सापडले. पिनेडा लहानपणी आईच्या मृत्यूनंतर काही काळ रस्त्यावर राहिलेले, वर्षानुवर्षे दुसऱ्यांची गाणी गाऊन पोट भरणारे. शॉन यांचा ई-मेल आला तेव्हा त्यांना ती कोणीतरी केलेली थट्टा वाटली. व्हिसासाठी मनिलातल्या अमेरिकी दूतावासात गेल्यावर तिथल्या अधिकाऱ्याला त्यांची गोष्ट पटेना, म्हणून त्यांना खिडकीपाशी उभे राहून 'जर्नी'चे एक गाणे म्हणून दाखवावे लागले. डिसेंबर 2007 मध्ये ते बँडचे गायक झाले, आणि ज्या गाण्याचे ते कव्हर करत होते ते गाणे पुढे त्यांनी त्याच बँडबरोबर जगभर गायले. असा माणूस तयार होतो तो बारमध्ये रात्रीमागून रात्री पूर्ण गाणी गाऊन: सुरुवातीच्या पीसमध्ये तोंड मिटून उभे राहायला शिकून, पहिल्या कडव्यात आवाज राखून ठेवायला शिकून, शेवटच्या मिनिटासाठी दम शिल्लक ठेवायला शिकून. नव्वद सेकंदांत ही विद्या शिकताही येत नाही आणि तिची परीक्षाही होत नाही. तिथे परीक्षा होते ती एका उंच सुराची. आपल्या मंचावर येणाऱ्या मुलांचे गळे विलक्षण तयार असतात. गाणे पेलण्याची त्यांची ताकद मात्र आम्हाला दिसतच नाही, कारण गाणे पूर्ण होतच नाही.

वेळेचा हिशेब मला समजतो. एका भागात आठ-दहा स्पर्धक, मध्ये जाहिराती, परीक्षकांचे बोलणे, पाहुण्यांच्या आठवणी हे सगळे बसवायचे असते. पण प्रत्येक भागात एका तरी स्पर्धकाला गाणे पूर्ण गाऊ द्यावे: सर्व अंतरे, मधले पीस आणि मूळ ध्वनिमुद्रणात होती ती सुरुवात यांसह. जुन्या तबकडीवरची बहुतेक गाणी तीन-साडेतीन मिनिटांचीच तर असतात. परीक्षकांचे बोलणे अनेकदा याहून लांबते. ज्या गाण्यात मुखड्याच्या आधी काही घडते, एखादा साकी किंवा संथ आलाप किंवा सतारीचा तुकडा, तिथे कात्री तो तुकडा सोडून दुसरीकडे चालवावी.

आणि नावे. आपल्या कार्यक्रमांत गीतकार आणि संगीतकार यांची नावे आवर्जून घेतली जातात; ही रीत अमेरिकेतल्या स्पर्धांत मला क्वचितच दिसली आणि तिच्यासाठी मी आपली ऋणी आहे. तिच्यात थोडी भर घाला. मूळ गाण्याचे संगीत संयोजन कोणाचे, तो पीस कोणी वाजवला, हे माहीत असेल तिथे पडद्यावर लिहा. केन यांचा तो पियानोचा तुकडा नसता तर हे गाणे पहिल्या दोन सेकंदांत कोणी ओळखले नसते, आणि आज ते तसे ओळखले जाते, मग शिकागोचे बेसबॉलचे मैदान असो, जिथे 2005 साली 'व्हाइट सॉक्स' संघाने 88 वर्षांनंतर मिळवलेल्या अजिंक्यपदापर्यंत ते त्यांचे गाणे होते, किंवा 2020 सालची अमेरिकेतली रुग्णालये असोत, जिथे कोविडमधून बरा झालेला रुग्ण घरी निघाला की मार्गिकेत हे गाणे लावत. 2022 साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याच्या ध्वनिमुद्रणांच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश केला. आपल्याकडच्या गाण्यांतही पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणारे असे तुकडे शेकड्यांनी आहेत आणि ते वाजवणाऱ्यांपैकी फार थोड्यांची नावे माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगू शकते.

आपला कार्यक्रम इंटरनेटवर चढवताना प्रत्येक गाण्याखाली मूळ ध्वनिमुद्रणाचे वर्ष, गायक आणि जमल्यास ते कुठे ऐकायला मिळेल हे द्यावे, एवढे आणखी एक. त्याला कार्यक्रमातला एकही सेकंद लागत नाही.

माझी ती विद्यार्थिनी जूनमध्ये माझ्याकडच्या वार्षिक मैफलीत हे गाणे पुन्हा वाजवणार आहे. मैफल आमच्या तळघरात असते, तीस-पस्तीस खुर्च्या मावतात. या वेळी तिच्या नावापुढे मी सव्वाचार मिनिटे लिहिली आहेत. आपल्यापैकी कोणी त्या सुमारास या बाजूला येणार असेल तर जरूर यावे. एक खुर्ची राखून ठेवते.

आपली नम्र,
न्यू जर्सीतील एक पियानो-शिक्षिका